मदत हवी आहे: वय 33, अर्धांगवायूनंतर बोलणं गेलंय. सोलापुरात या वयाचं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला आषाढात झटका आला. बीपी आहे हेही तेव्हाच कळलं. दात घासताना चूळ एका बाजूने गळायला लागली, उजव्या हातातला ब्रश पडला. आम्हाला वाटलं पित्त, साखरपाणी पाजत बसलो. (तुम्ही पाजू नका, गिळणं बिघडलेलं असतं.) रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत लागतं, आम्ही सहाव्या तासाला पोचलो. असो.

आता चालतो. हात खांद्यापर्यंत जातो, बोटं उघडत नाहीत. खरी अडचण बोलण्याची. डॉक्टर अफेझिया म्हणतात. समजतं सगळं, शब्द सापडत नाही. चमच्याला 'किल्ली' म्हणतो, चुकलं हे त्यालाच आधी कळतं आणि मग ताट सरकवून उठतो. गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या जत्रेला) नंदीध्वज बघायला नेलं, तर तिथला 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' हा जयघोष एका दमात म्हणाला! आईने तिथंच नारळ फोडला. थेरपिस्ट म्हणाल्या, पाठ असलेलं असं येतं, म्हणून बोलणं परत आलं असं धरू नका.

हा चादरीच्या दुकानात काउंटरला होता. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्हीत गिऱ्हाईक पटवायचा. मालकाने तीन महिने पगार दिला, मग दुसरा माणूस ठेवला. सरकारी नोकरी असती तर 2016 च्या दिव्यांग कायद्याने काढता आलं नसतं. इथे कुठला कायदा!

दिव्यांग दाखल्यासाठी गेलो तर टेबलावरचे म्हणाले, "हात उचलतोय की ओ, कशाला पायजे?" त्याच कायद्यातल्या 21 प्रकारांत अफेझियाने आलेलं वाचा-भाषेचं दिव्यांगत्व आहे. सवलतींना 40 टक्के लागतात. हात आणि वाचा दोन्ही धरून टक्केवारी कुणी काढून घेतली आहे का? वाचेची तपासणी कुणाकडे झाली, कागद काय काय नेले, तेवढं सांगा.

दुसरं म्हणजे माणसं हवी आहेत. फिजिओच्या बाकावर सगळे साठीपुढचे. परवा एका आजोबांनी त्यालाच विचारलं, "कुणाला घेऊन आलास रे?" त्याने तोंड उघडलं, काही आलं नाही. तेव्हापासून जायला तयार नाही. नातेवाईक त्याच्यासमोरच मला विचारतात, "प्यायचा का?" पारव्याचं रक्त चोळा म्हणून तिघे सांगून गेले, चौथं कुणी नको.

तिशी-चाळिशीत यातून गेलेलं कुणी सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडे असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. रविवारी सकाळी हुतात्मा बागेत मी त्याला घेऊन येईन. फोन नको, फोनवर तो घाबरतो. समोर बसून, एका वेळी एकच प्रश्न विचारला आणि थोडं थांबलं की हो-नाही बरोबर सांगतो.