उंबरा, चूल की डोकी?

नदीकाठ: आजी सांगायची, "आपलं गाव दीडशे उंबऱ्यांचं." परवा २०११ च्या जनगणनेतला गावचा तक्ता पाहिला, तर कुटुंबं जवळजवळ दुप्पट! उंबरा म्हणजेच कुटुंब ना?

कोरा सातबारा: नाही हो. उंबरा म्हणजे दार. कुटुंबाला जुना शब्द चूल. आमच्याच घरी उंबरा एक, चुली तीन. थोरल्या काकांचा गॅस ओसरीच्या डाव्या अंगाला, धाकट्यांचा परसदारी, मधे आई. पिठाचे डबे तीन, मीठमिरचीसुद्धा ज्याची त्याची. पोळ्याला पुरण मात्र एकाच पातेल्यात शिजतं. प्रगणकानं तीन कुटुंबं लिहिली, आणि बरोबरच लिहिली. सहसा एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारे ते एक कुटुंब, ही जनगणनेची व्याख्या. 'घर' ठरतं ते वेगळ्या मुख्य दारावरून. थोडक्यात सरकार उंबराही मोजतं आणि चूलही.

वस्तीची एसटी: आणि शिरगणतीत डोकी. खानेसुमारी हा जुना शब्द मात्र घरांवरून आलाय. फारसीत खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. 'वस्ती' तर भलताच सोयीचा शब्द. वस्ती किती म्हटलं की माणसं, वस्तीवर गेलो म्हटलं की रानातली चार घरं, आणि गाडी वस्तीला आली की रात्रीचा मुक्काम.

नदीकाठ: वस्तीच नसेल तर?

वस्तीची एसटी: बेचिराख! हल्ली आपण त्यात राख बघतो, पण मूळ बे-चिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. महसुली दप्तरात ओसाड गावाला हाच शब्द. विदर्भात रीठ म्हणतात. २०११ ला देशात ६ लाख ४० हजारांवर गावं नोंदली गेली, त्यात माणसं राहत होती ती सुमारे ५ लाख ९७ हजारांत. बाकीची नकाशावर आहेत, शेतंही कसली जातात, दिवा तेवढा नाही.

नदीकाठ: तक्त्यात अनुसूचित जाती आणि जमातींचेच आकडे दिसले. आजी तर गाव अठरापगड म्हणायची.

कोरा सातबारा: पगड म्हणजे पागोटं. ज्याच्या त्याच्या जातीचं पागोटं वेगळं, म्हणून अठरापगड. सगळ्या जातींची मोजणी छापली गेली ती शेवटची १९३१ ची. पुढच्या जनगणनेत जात मोजायचं केंद्रानं २०२५ मध्ये जाहीर केलंय. तेव्हा कळेल अठरा आहेत की अठ्ठावीस.

गावकूस: एक विचारू? आजींच्या दीडशे उंबऱ्यांत आमचे उंबरे धरले होते का? आमच्याकडची जुनी माणसं म्हणायची, "गाव शंभर उंबऱ्यांचं, आणि वाडा वेगळा." पांढरी म्हणजे गावठाण, आणि पांढरी म्हणजेच गावकरी. आम्ही पांढरीच्या बाहेर, म्हणजे मोजणीच्याही बाहेर. २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. आमच्या कमानीवर नवं नाव आलं, एसटीतून उतरताना कंडक्टर अजून जुनंच पुकारतो.

नदीकाठ: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजी गेली. आत्याला विचारून सांगते.

नदीकाठ: विचारलं. नव्हते धरले.