पिशवी आणि अंडाशयं लवकर काढलेल्या बाईची हार्मोनची गोळी हाडांसाठी चालू ठेवावी का?

उपकेंद्र_धारूर

बाई वय ४९, ऊसतोड टोळीत जाणारी. ३८ व्या वर्षी पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. तीन वर्षं काहीच औषध नव्हतं. ४१ पासून इस्ट्राडिऑल व्हॅलरेट (इस्ट्रोजेनची गोळी) २ मिग्रॅ रोज एक. आता "पाच वर्षांच्या वर हार्मोन नको, कॅन्सर होतो" म्हणून बंद करायला सांगितलंय. लातूरला डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) झालाय: मणका टी-स्कोअर (जितका उणे तितकं हाड विरळ) −१.४, खुब्याची मान −२.३. बीपी १३८/८६. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅम. मॅमोग्राफी नॉर्मल, गुठळीचा किंवा पक्षाघाताचा इतिहास नाही. तिच्या आईचा खुबा मोडला होता. दसऱ्यानंतर टोळी निघेल. गोळी बंद करावी का? केलीच तर हाडांसाठी पुढं काय?

स्त्रीरोग_लातूर

ताई, बंद करू नका. निदान हाडांची पुढची सोय लागेपर्यंत तरी नाहीच.

पाच वर्षांचा हिशेब पाळी नैसर्गिकपणे गेलेल्या बाईचा आहे. हिची अंडाशयं ३८ व्या वर्षी गेली. जे इस्ट्रोजेन शरीरानं एरवी पन्नाशीपर्यंत बनवलं असतं, तेच गोळीतून भरून देतोय. त्यामुळे ५०-५१ पर्यंतची वर्षं त्या पाचात धरायचीच नाहीत. ४१ पर्यंतची तीन वर्षं कोरडी गेली, तेव्हाच हाडं झपाट्यानं झिजली असणार.

कॅन्सरची भीती आली ती २००२ साली अमेरिकेत जाहीर झालेल्या मोठ्या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि त्या इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) घेत होत्या. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण ८ केसेस वाढल्या आणि खुब्याची ५ फ्रॅक्चर कमी झाली. पिशवी नसलेल्या बायकांना फक्त इस्ट्रोजेन दिलं, त्या गटाचा निकाल २००४ साली आला. त्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, खुब्याची ६ फ्रॅक्चर कमी झाली, पण पक्षाघात १२ नं वाढले. म्हणून हिच्याबाबतीत माझं लक्ष कॅन्सरपेक्षा बीपीकडं आहे. १३८/८६ असताना तोंडावाटे २ मिग्रॅ मला पसंत नाही. इस्ट्राडिऑल जेलवर आणा, रोज १.५ मिग्रॅ. कातडीतून गेलेलं औषध यकृतातून पहिला फेरा मारत नाही, त्यामुळे गुठळीचा धोका वाढत नाही.

एक गोष्ट हमखास राहून जाते. तोंडावाटे इस्ट्रोजेन घेताना थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त लागतो. जेलवर आणल्यावर तोच ५० चा डोस तिला जास्त होऊ शकतो, आणि थायरॉइडचा डोस जास्त झाला की हाडं झिजतात. बदल केल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) कराच.

बाकीच्यांनी हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये. पिशवी शाबूत असेल तर प्रोजेस्टेरॉन सोबत हवंच: रोज रात्री १०० मिग्रॅ, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिग्रॅ. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथं कॅन्सर होऊ शकतो. रोज प्रोजेस्टेरॉन घेणारीला सुरुवातीचे तीन ते सहा महिने थोडा डाग दिसला तर चालतो. त्यानंतर रक्त गेलं तर सोनोग्राफीशिवाय पुढची गोळी नाही.

हाडांचा_दवाखाना

मणक्याच्या −१.४ वर विसंबू नका. खुबा −२.३ आणि मणका इतका बरा, हा फरक खटकतो. ओझी वाहणाऱ्या बायकांच्या मणक्याला हाडाचे काटे फुटतात आणि मशीन तेही घनतेत मोजतं. दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. किनवटसारख्या भागात पाण्यात फ्लोराइड आहे. फ्लोराइडनं हाड रिपोर्टमध्ये भरीव दिसतं, पण असतं ठिसूळ. बाई कुठलं पाणी पिते ते विचारा, कमरेचा साधा एक्स-रे बाजूनं काढा, आणि उंची मोजा. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी झाली असेल तर एखादा मणका दबलाय असं समजून शोधा.

पुढचा डेक्सा दोन वर्षांनी, त्याच मशीनवर. दोन-तीन टक्क्यांचा फरक मशीनच्या चुकीतच जातो. आणि शिबिरात टाचेला लावतात ते मशीन औषधाचा परिणाम पाहायला अजिबात चालत नाही. त्या चिठ्ठीवर कुणाचीही गोळी सुरू किंवा बंद करू नका.

उपकेंद्र_धारूर

कोपीवर (टोळीच्या मुक्कामाच्या झोपडीत) जेल जमेल का? पहाटे तीन-चारला फडात जायचं, आंघोळ कधी होईल सांगता येत नाही.

औषधनिर्माता_परळी

जमतं, वेळ रात्रीची ठेवा. घाम पुसून, कोरड्या कातडीवर, दंडापासून मनगटापर्यंत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरायचं. चोळून जिरवायचं नाही, स्तनांना लावायचं नाही. पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणानं धुवा, पुढं तासभर तिथं पाणी नको. लावल्यावर लगेच लेकराला मांडीवर घ्यायचं नाही, औषध त्याच्या अंगाला लागतं. आणि चुलीपासून लांब! जेलमध्ये अल्कोहोल असतं, वाळेपर्यंत पेट घेऊ शकतं. ट्यूब पत्र्याखाली तापू देऊ नका, माठाजवळच्या सावलीत ठेवा.

कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी आठ आठवडे, नंतर महिन्याला एक. काही जणी तीच पुडी दर आठवड्याला वर्षानुवर्षं घेत राहतात. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडावर येतं.

हाडांचा_दवाखाना

आता बंद करण्याविषयी. इस्ट्रोजेन थांबलं की पहिल्याच वर्षात ३ ते ६ टक्के घनता जाऊ शकते. डोस हळूहळू उतरवल्यानं अंगातल्या वाफा कमी होतात, हाडाला त्याचा उपयोग नाही. म्हणून पुढचं औषध आधी ठरवा.

अ‍ॅलेंड्रोनेट, म्हणजे हाडांची झीज रोखणारी गोळी: ७० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, तांब्याभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. नीट घेतली तरी अंगी लागते एक टक्क्याहून कमी, चहासोबत घेतली तर त्याहूनही बरीच कमी. अन्ननलिकेत अडकली तर जखम होते. बाजाराचा वार धरला तर विसरत नाहीत, त्या दिवशी थायरॉइडची गोळी अर्ध्या तासानंतर.

टोळीतल्या बाईला मी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड सुचवेन: तेच काम करणारं औषध, वर्षातून एकदा ५ मिग्रॅ, सलाइनमधून, निदान १५ मिनिटं. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघा, क्रिएटिनिन क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर नको. डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम आधी भरून काढा, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात हलत असतात, काढायचे ते सलाइनच्या आधी काढून जखम भरू द्या. पुढचे दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, म्हणून टोळी निघायच्या निदान आठवडाभर आधी द्या.

दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मात्र हिला नको. दसरा ते उन्हाळा बाई कारखान्यावर, तारीख चुकणारच. आणि ते लांबलं की घनता वेगानं कोसळते, एकामागून एक मणके दबतात.

स्त्रीरोग_लातूर

सहमत. म्हणजे यंदा जेल, दसऱ्याआधी टीएसएच आणि बीपी. सहा महिने पुरतील इतक्या जेलच्या ट्यूब सोबत बांधून द्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: कारखान्यावरच्या दवाखान्यात कुणी सांगितलं तरी विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. पोटरी एका बाजूनं सुजून दुखली, तोंड वाकडं झालं, किंवा स्तनात गाठ लागली, तरच थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.