ख्रिश्चन कोचला मार्क द्यायचे तर कशावर?

खडकीवाला: जय ख्रिस्त. कॅम्पात, खडकीत हल्ली ख्रिश्चन लाइफ कोच (म्हणजे प्रश्न विचारून माणसाला स्वतःचा निर्णय घ्यायला मदत करणारे) बरेच झालेत, वीकेंडचा कोर्स केला, सर्टिफिकेट डीपीला लावलं की सुरू. आणि आपण कोच निवडतो कशावर, तर संडेला चर्चमध्ये कुणीतरी उभं राहून दिलेल्या साक्षीवर, म्हणजे सांगितलेल्या अनुभवावर. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनमध्ये पीसीसी (प्रोफेशनल सर्टिफाइड कोच) लेव्हलला 125 तास ट्रेनिंग, 500 तास प्रत्यक्ष कोचिंग लागतं, शिवाय असेसर, म्हणजे परीक्षक, सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून ठरलेल्या मुद्द्यांवर, त्यांना मार्कर म्हणतात, तपासतात, विषय समोरच्याने ठरवला का, कोच स्वतःच किती बोलला वगैरे. आपल्याकडेही हेच लावा.

बिबवेवाडी_मावशी: म्हणजे पवित्र आत्म्याच्या कामालाही आता मार्कर लावणार का? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक शाळा सुद्धा न शिकलेली आजी आहे, तिच्याजवळ अर्धा तास बसलं की माणूस हलका होऊन उठतो, तिचे तास कोण मोजणार?

खडकीवाला: मावशी, आजी फी घेत नाही ना. हे लोक घेतात.

गुरुवारपेठी: +1. मी एकांकडे गेलो होतो नोकरी सोडू का विचारायला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बायबलचं वचन, मग त्यांच्या भावाची गोष्ट, परत वचन, आणि शेवटी मला न विचारता डोळे मिटून प्रार्थना. नोकरीचं राहिलंच. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसतंय तरी येशू त्याला विचारतो की मी तुझ्यासाठी काय करू. ते कोचिंग.

बिबवेवाडी_मावशी: अहो त्याच अध्यायात थोडं वर जा की! श्रीमंत माणसाला सरळ सांगितलंय, जा, आहे ते सगळं विकून गरिबांना दे. तुमच्या असेसरने तिथे फुली मारली असती.

खडकीवाला: हो, मारलीच असती, कारण तो उपदेश आहे, आणि ते काम पाळकाचं, म्हणजे पास्टरचं. सांगायचंच असेल तर पाळक म्हणून सांगा, कोचिंगच्या नावाखाली कशाला.

नर्स_वानवडी: दोघांचं वाचलं. मला रेकॉर्डिंगचीच भीती वाटते. पुण्यात आपली मंडळी केवढीशी, असेसर म्हणजे कुणाचा तरी मेहुणा निघणार आणि माझ्या घरातलं भांडण ख्रिसमसच्या आधी सगळ्यांना माहीत.

खडकीवाला: क्लायंटची परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्डिंग करताच येत नाही. आणि असेसर बाहेरगावचा ठेवा.

नर्स_वानवडी: परवानगी मागणारा पाळकच असेल तर नाही म्हणायची हिंमत कुणाची होते? बरं, वचन वापरलं तर मार्क वाढणार की कमी होणार, ते तुमच्या मार्करमध्ये कुठे बसतं?

गुरुवारपेठी: माझ्या मते, मी काढलं तर चालेल, त्यांनी माझ्यावर फेकलं तर कमी.

बिबवेवाडी_मावशी: आणि मला वचन सुचलंच नाही, पण ऐकायची गरज होती, तर?

खडकीवाला: तर विचारायचं, "एक वचन आठवलंय, सांगू का?" एवढं एक वाक्य रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आलं तरी मी मार्क देईन.

बिबवेवाडी_मावशी: आजी विचारतेच हो तसं.