मियामी हीटच्या 2023 च्या टीममध्ये एवढे अनड्राफ्टेड प्लेअर आले कुठून?

नवा_प्रेक्षक
2023 च्या एनबीए फायनलच्या मॅचेस आत्ता सलग बघून काढल्या आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. डेन्वरविरुद्ध खेळणाऱ्या मियामीच्या टीममध्ये कॉमेंटेटर दर दोन मिनिटांनी सांगतोय की हा अनड्राफ्टेड, तो पण अनड्राफ्टेड. स्ट्रुस, व्हिन्सेंट, डंकन रॉबिन्सन, केलेब मार्टिन... म्हणजे दर वर्षी दोन राउंडमध्ये साठेक पोरं निवडतात त्यात यांना कोणीच घेतलं नाही, आणि हे थेट फायनलला? ही माणसं आधी होती कुठे, काय करत होती? आणि मियामीला ती सापडली कशी? निव्वळ नशीब म्हणावं तर एक-दोघं ठीक आहे, पण इतके जण? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मला एकेकाची गोष्ट वाचायची आहे.

कोपऱ्यातला_थ्री
छान विषय काढलात. त्या टीममध्ये टू-वे वाले धरून 9 जण अनड्राफ्टेड होते, निम्म्याहून जास्त. डंकन रॉबिन्सनपासून सुरू करतो कारण त्याचा रस्ता सगळ्यात लांबचा. हा न्यू हॅम्पशायरचा मुलगा, विल्यम्स कॉलेजात होता जे डिव्हिजन थ्री मध्ये, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या तिसऱ्या पातळीवर येतं, तिथे खेळासाठी स्कॉलरशिप मुळात देतच नाहीत, म्हणजे पोरं अभ्यास सांभाळून हौसेनं खेळतात आणि एनबीएचे स्काउट तिकडे क्वचितच फिरकतात. पहिल्याच वर्षी ती टीम डिव्हिजन थ्री च्या फायनलला गेली, मग त्यांचा कोच कॉलेज सोडून गेला आणि डंकन मिशिगनला गेला. नियमाप्रमाणे एक पूर्ण सीझन बाहेर बसला, नुसती प्रॅक्टिस. शेवटच्या वर्षी तर स्टार्टिंग जागाही गेली, बेंचवरून यायचा, पण 2018 मध्ये मिशिगन नॅशनल फायनलपर्यंत पोचलं. डिव्हिजन थ्री आणि डिव्हिजन वन, दोन्हीकडची फायनल खेळलेला माणूस. तरी ड्राफ्टमध्ये नाव नाहीच. मियामीने टू-वे कॉन्ट्रॅक्टवर घेतला, म्हणजे बराचसा वेळ खालच्या जी लीगमध्ये खेळायचं आणि बोलावलं की वर यायचं. 2019-20 मध्ये पठ्ठ्याने 270 थ्री (लांबून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) मारले आणि 2021 मध्ये 5 वर्षांचं 9 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, तोपर्यंत कुठल्याच अनड्राफ्टेड प्लेअरला एवढं मिळालं नव्हतं.

त्याचा शॉट स्लो करून बघा एकदा. बॉल हातात यायच्या आधीच पाय सेट झालेले असतात, बॉल आला की खाली नेतच नाही, आला तसाच वर. त्यामुळे समोरच्याचा हात पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो.

जी_लीग_फॅन
वरच्यांनी डंकनचं सगळं लिहिलंच आहे, मी बाकीच्यांचं सांगते. स्ट्रुस आणि व्हिन्सेंट दोघांच्या वाट्याला गुडघ्याचं एसीएल (लिगामेंट) फाटणं आलेलं आहे हे फार लोक लक्षात घेत नाहीत. मॅक्स स्ट्रुस शिकागोकडचा, आधी लुईस युनिव्हर्सिटी म्हणजे डिव्हिजन टू, मग डीपॉल. 2019 ला ड्राफ्ट नाही, बोस्टनच्या कॅम्पमध्ये होता तर सीझन सुरू व्हायच्या तोंडावर सोडून दिला, शिकागोने घेतला तर त्याच डिसेंबरमध्ये जी लीगच्या मॅचमध्ये गुडघा गेला. दुसरा कोणी असता तर तिथेच संपला असता. गेब व्हिन्सेंट कॅलिफोर्नियाचा, यूसी सँटा बार्बराला असतानाच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मग जी लीग, तिथे 2020 चा मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर ठरला. वडील नायजेरियाचे म्हणून तो नायजेरियाकडून टोकियो ऑलिम्पिक पण खेळलाय, आणि त्याआधीच्या सराव सामन्यात नायजेरियाने अमेरिकेला हरवलं त्या टीममध्येही होता. हेवूड हायस्मिथ पण डिव्हिजन टू चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हीलिंगच्या युनिव्हर्सिटीचा, मध्ये जर्मनीतही खेळून आला.

आणि केलेब मार्टिन. जुळा भाऊ कोडी 2019 च्या ड्राफ्टमध्ये 36 वा गेला आणि हा गेलाच नाही. दोघं शार्लटमध्ये एकत्र होते, 2021 मध्ये शार्लटने याला सोडलं आणि भावाला ठेवलं. काय वाटलं असेल विचार करा. मग रॅपर जे कोलने मियामीत शब्द टाकला, ट्रायल झाली, टू-वे मिळालं. दोन वर्षांनी, फायनलच्या आधीच्या सिरीजमध्ये, बोस्टनविरुद्ध सातव्या मॅचमध्ये, बोस्टनच्याच कोर्टवर, 26 पॉइंट. त्या सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) मियामीच्याच जिमी बटलरला 5 विरुद्ध 4 मतांनी मिळाला, ती 4 मतं केलेबची होती!

पोस्टमधला_जुना
सगळं खरं आहे आणि मला ही पोरं मनापासून आवडतात, पण एक बाजू राहून जातेय. ही टीम उभी होती ती जिमी बटलर आणि बॅम ॲडेबायोच्या खांद्यावर आणि ते दोघंही ड्राफ्टमधूनच आलेत. बटलर 2011 ला 30 वा, म्हणजे पहिल्या राउंडचा शेवटचा नंबर. टेक्सासमधल्या टॉमबॉलचा, तेराव्या वर्षी आईने घराबाहेर काढलं, मित्रांच्या घरी राहून शाळा केली, मोठ्या कॉलेजांनी विचारलं नाही म्हणून आधी टायलर ज्युनियर कॉलेज, मग मार्केट (Marquette) युनिव्हर्सिटी. त्याला या गोष्टीची कीव केलेली आवडत नाही, त्याने हे स्वतः सांगितलंय. बॅम नॉर्थ कॅरोलायनात आईबरोबर ट्रेलरमध्ये वाढला, आई दुकानात कॅशिअर होती, एकटीने वाढवला. 2017 ला 14 वा गेला, आणि पैसे आल्यावर आईला घर घेऊन दिलं.

पहिल्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध चौथ्या मॅचला बटलरने 56 मारले नसते तर स्ट्रुस-व्हिन्सेंट यांची नावं आज इथे निघाली असती का? आणि समोर डेन्वरकडे कोण होता, योकिच, सर्बियातल्या सोंबोरचा, 2014 ला 41 वा. त्यानेच 4-1 ने हरवलं. थोडक्यात, ड्राफ्टचे अंदाज चुकतात ते सगळ्यांच्याच बाबतीत.

नवा_प्रेक्षक
बापरे, केलेबचं वाचून अंगावर काटा आला. पण माझा मूळ प्रश्न अजून आहेच, इतर टीम पण जी लीग बघतात ना, मग मियामीलाच कसे सापडतात?

जी_लीग_फॅन
सापडतात त्यापेक्षा घडवतात असं माझं मत. त्यांची जी लीगची टीम सू फॉल्स स्कायफोर्स, तिथे मियामीसारखाच डिफेन्स आणि त्याच सेट्स (ठरलेल्या चाली) चालवतात, त्यामुळे वर आलेल्या पोराला नव्याने काही शिकावं लागत नाही. फिटनेसच्या बाबतीत तर फारच कडक, बॉडी फॅट मोजतात आणि तिथे कोणाचे लाड नाहीत. आणि वरची माणसं स्वतः तशाच वाटेने आलेली. कोच स्पोलस्ट्रा, आई फिलिपिन्सची, 1995 मध्ये मियामीच्या व्हिडिओ रूममध्ये मॅचच्या कॅसेट एडिट करायला लागला आणि 2008 मध्ये हेड कोच झाला. उडोनिस हॅसलम मियामीतच जन्मलेला, 2002 ला अनड्राफ्टेड, वजन जास्त म्हणून फ्रान्समध्ये जाऊन खेळला, उतरवलं, 2003 ला परत आला आणि 20 सीझन एकाच टीमला. तीन टायटल. 2023 ला रिटायर होईपर्यंत तो बेंचवर बसून नव्या पोराला ओरडला की ते पोर ऐकायचंच, कारण हा माणूस तिथूनच आलेला.

कोपऱ्यातला_थ्री
+1. फक्त एक वाईट वाटतं, ही पोरं तयार झाली की महाग होतात आणि मियामीला टिकवता येत नाहीत. फायनल संपल्यावर त्याच उन्हाळ्यात स्ट्रुस क्लीव्हलंडला आणि व्हिन्सेंट लेकर्सला, 2024 ला केलेब फिलाडेल्फियाला, 2025 मध्ये बटलर आणि डंकन पण गेले. पोरांचं भलं झालं याचा आनंद आहेच, पण ती टीम परत कधी एकत्र दिसणार नाही.

@नवा_प्रेक्षक, पुन्हा बघणार असाल तर बोस्टनविरुद्धची तिसरी मॅच घ्या, व्हिन्सेंटचे 29, आणि मग फायनलची दुसरी. चौथ्या क्वार्टरला मियामी 8 ने मागे होती, तिथून डंकनने सुरुवातीलाच लागोपाठ पॉइंट काढले, त्याचे सगळे 10 त्याच क्वार्टरमधले, आणि शेवटी डेन्वरच्या जमाल मरीचा थ्री हुकला, 111-108.