मदत हवी आहे : पावसात जुनी फियाट घेऊन कोल्हापूर गाठावं काय?

मंडळी, येत्या रविवारी कोल्हापुरात जुन्या गाड्यांचे पार्ट विकायला-बदलायला लोक जमणार आहेत. माझ्याकडं ॲम्बेसेडर मार्क टूची ग्रिल पडून आहे, बदल्यात फियाटचा सोलेक्स कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल न् हवा मिसळणारा पार्ट) मिळाला तर बघायचंय. बेळगावातून फियाटनंच जायचं मनात आहे, पण पावसाचं काय खरं नाही. २०२१ ला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलेलं, आठवतंय न्हवं?

तवंदी घाटात मागच्या पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये (स्पार्क प्लगांना करंट वाटणाऱ्या पार्टचं झाकण) ओल शिरली, गाडी खोकत खोकत बंद. बायकोच्या ओढणीनं कॅप पुसली, तेव्हा सुरू झाली. (ओढणीचं अजून ऐकतोय.)

कॅपवर रबरी ट्यूब कापून चढवली तर चालेल काय? निपाणीकरांनो, रविवारी पहाटे रस्त्याचं कोण सांगाल? की सरळ ग्रिल घेऊन एसटीत बसू?