दोन फुटी फिश टँकसाठी नक्की काय काय घ्यायचं? (तासगाव, बोअरचं पाणी)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

घरी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच अशी काचेची टाकी घ्यायचं ठरलंय. मुलगी चौथीत आहे, तिला गप्पी पाळायचेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याचे लोक हौदात सोडतात तेच. मामाच्या हौदात पाहिल्यापासून तिला दुसरा विषय सुचत नाही. आणलेले मासे आठवड्यात मरू नयेत, म्हणून आधी नीट विचारून घ्यावं असं वाटलं.

सांगलीत एका दुकानात भलीमोठी यादी मिळाली: टॉप फिल्टर, एअर पंप, हीटर, एलईडी लाइट, रंगीत खडे, पाणी निळं करायचं औषध, मीठ, अँटिक्लोरीन, थर्मामीटर, शिवाय बुडबुडे सोडणारा पेटारा. दुसऱ्या दुकानात म्हणाले, हीटर-फिल्टर काही नको, नुसता पंप पुरे. बजेट टाकी धरून ५,००० रुपयांच्या आत आहे.

आमची परिस्थिती अशी: घर तासगावच्या कडेला. बोअरचं पाणी जड, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. पावसाळ्यात गढूळ असतं, तेव्हा तुरटी फिरवतो. लाइट कधी कधी दोन-तीन तास जाते. आणि घराला लागूनच द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू झाली की वास थेट घरात येतो. याचा माशांवर परिणाम होतो का?

आधी काय घ्यावं, नंतर काय चालेल, कशावर पैसे घालवू नयेत? टाकी हॉलमधल्या प्लायवूडच्या शोकेसवर ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद १

शोकेसवर अजिबात नको. तुमच्या मापाच्या टाकीत साधारण ५४ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचंच वजन ५४ किलो. काच आणि वाळू धरली तर ७५ किलोच्या आसपास जाईल. लोखंडी स्टँड करून घ्या किंवा कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा. खाली थर्माकोलचा शीट हवाच, पृष्ठभाग थोडा जरी उंचसखल असला तरी काचेला तडा जातो. वर झाकण हवं, गप्पी उड्या मारतात.

नुसता पंप पुरेसा नाही. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र थोडं चालतं. हे जिवाणू टाकीत स्थिर व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात. बहुतेकांचे मासे पहिल्या महिन्यात जातात ते यामुळेच, आणि दोष मात्र माशांना दिला जातो. म्हणून आधी टाकी चालू करा, रोज चिमूटभर खाणं टाकत राहा, मासे नंतर आणा. मुलीला तेवढं थांबायला सांगा, फार महत्त्वाचं आहे.

गप्पींसाठी स्पंज फिल्टर उत्तम. स्वस्त असतो, एअर पंपावर चालतो, पिल्लं त्यात ओढली जात नाहीत. पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर लाइट गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. स्पंज कधीही नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जिवाणू टिकतात.

निळं औषध, रंगीत खडे, पेटारा सगळं यादीतून काढा. त्या पैशांत पाणी तपासायची थेंबांची टेस्ट किट घ्या. अमोनिया आणि नायट्राइट तयार होऊन दोन्ही परत शून्यावर आले की मासे आणा. किटशिवाय हे डोळ्यांना कळत नाही, पाणी स्वच्छ दिसूनही विषारी असू शकतं.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचंच वापरा. गप्पींना जड पाणी मानवतं आणि त्यात क्लोरीन घातलेलं नसतं. एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा खडा) सोडून रात्रभर ठेवा, मग ओता. बागायती भागात बोअरमध्ये नायट्रेट असू शकतं, तेवढं किटवर आधी तपासा. नळाचं वापरलंत तर अँटिक्लोरीन हवंच. तुरटी फिरवलेलं पाणी टाकीत घालू नका, तुरटीने पाणी आम्लधर्मी होतं.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. त्यासाठी सायफन पाइप घ्या, वाळूतला गाळ तोच ओढतो. मासे पकडायला जाळी आणि काचेवरचं शेवाळ काढायला साधा स्क्रबर घ्या. बादली नवीन घ्या आणि तिला साबण लागू देऊ नका.

प्रतिसाद २

आमचीही बाग आहे, म्हणून बादलीच्या मुद्द्यात भर घालतो. फवारणीच्या औषधाची, मोरचूद कालवलेली बादली कितीही धुतली तरी टाकीजवळ आणू नका. बोर्डोतलं (मोरचूद आणि चुन्याच्या मिश्रणातलं) तांबं माशांना मारक आहे. सायपरमेथ्रिनच्या गटातली कीटकनाशकं तर अगदी थोडी गेली तरी मासे मरतात. मच्छर घालवायच्या कॉइल आणि लिक्विड मशीनमध्येही याच घराण्यातली औषधं असतात, त्यामुळे टाकीच्या खोलीत ती लावू नका.

एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. टाकी बागेच्या बाजूला नको, आतल्या खोलीत ठेवा. शेजारी फवारणी चालू असताना खिडक्या बंद, झाकण बंद आणि पंपही तासभर बंद. मासे मोजके असतील तर तेवढ्या वेळाने काही होत नाही. बागेतून आल्यावर हात नीट धुतल्याशिवाय टाकीत घालायचे नाहीत, आणि धुतल्यावर साबणाचा अंशही राहू द्यायचा नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फवारणीचं एवढं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. हीटर आणि लाइट जाण्याचं काय करू? मासे किती आणू?

प्रतिसाद १

गप्पींना २२ ते २८ अंश बरं. थर्मामीटर आत्ताच घ्या, हीटर डिसेंबरच्या आधी. तुमच्या टाकीला ५० वॉटचा पुरतो. पाणी काढण्याआधी त्याचा प्लग काढा आणि थोडा थंड होऊ द्या. गरम हीटर उघडा पडला तर फुटतो. लाइट जाते त्यासाठी पॉवर बँकवर चालणारा छोटा यूएसबी पंप मिळतो. टाकीवरचा दिवा दिवसाला ७-८ तास पुरे, जास्त ठेवला तर शेवाळ माजतं.

सुरुवातीला पाच-सहाच आणा, आणि सगळे नर आणा. मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते, नर नसला तरी आधी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने घालतच राहते. टाकी बघता बघता भरते. जास्त झालेले मासे ओढ्यात किंवा येरळा नदीत सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते त्रासदायक ठरतात. ओळखीत कुणाला तरी द्या.

धागाकर्ता

स्टँड, टाकी, स्पंज फिल्टर, पंप, व्हॉल्व्ह, सायफन, थर्मामीटर आणि किट एवढंच आधी घेतो. बोअरच्या नायट्रेटचा आकडा आला की इथेच टाकतो, तो पाहून सांगा.