रुग्णांना धुरात चालवणं हा छळ आहे का?

शेवंती:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘दमेकऱ्यांना मुद्दाम धुरात पाठवणारे संशोधक आणि छळछावणीतले डॉक्टर सारखेच.’ रोख लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या अभ्यासावर होता. वाचून रात्रभर चरफडले. २००७ साली छापलेला अभ्यास. दम्याचे ६० रुग्ण, दमा सौम्य किंवा मध्यम. एकदा दोन तास त्या रस्त्यावर चालायचं, एकदा तेवढंच हाइड पार्क या बागेत. रस्त्यावर तेव्हा वाहनं म्हणजे डिझेलच्या बस आणि टॅक्सी. धूर संशोधकांनी सोडलेला नाही, त्या रस्त्यावर लोक रोज हिंडतात. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच, आणि फुंकरीची ताकद रस्त्यावर जास्त घटली. याला छळछावणी म्हणता?

पायवाट:
ते वाक्य माझंच. तीव्र दमेकरी घेतले नाहीत, म्हणजे धोका ठाऊक होता. शिवाय आपण रस्त्यावर आहोत की बागेत, हे चालणाऱ्याला दिसतंच. गोंगाट, धक्काबुक्की, ताण, हे सगळं धुराच्या खात्यात कसं टाकता? पुढे त्याच रस्त्यावरच्या २०१८ च्या अभ्यासात तर साठीपुढचे सीओपीडीवाले, म्हणजे फुप्फुसांच्या जुनाट, दम लागणाऱ्या आजाराचे रुग्ण चालवले!

शेवंती:
त्यातूनच कळलं ना, की बागेत चालून फुप्फुसाला होणारा फायदा रस्त्यावर बराचसा जातो! पहिल्या अभ्यासात काजळी आणि अतिसूक्ष्म कण मोजले होते, घट त्यांच्याशी जुळली. गोंगाटाचं मात्र खरं आहे, तो वेगळा काढता येत नाही.

चुलवण:
दोन तासांवरून भांडताय? माझ्या आईने चाळीस वर्षं फुंकणी फुंकली. विडीला हात लावला नाही, तरी दवाखान्यात पहिला प्रश्न, ‘किती ओढता?’ ती माउली शरमेने मान खाली घालून बसली. बोला मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात चुलीच्या धुराचा तान्ह्यांवर काय परिणाम होतो ते पाहणाऱ्या अभ्यासाबद्दल! पाचशेवर घरं. निम्म्यांना धुराडं असलेली चूल, बाकीच्यांकडे तीच उघडी आग.

शेवंती:
ती आग त्यांच्याकडे आधीपासून होती. आणि शेवटी त्यांनाही चूल मिळाली.

चुलवण:
शेवटी म्हणजे पोर दीड वर्षाचं झाल्यावर! तान्हं कडेवर घेऊन धुरात बसलेल्या बाईला सांगा ‘शेवटी’.

पायवाट:
हेच मी म्हणतोय.

चुलवण:
नाही, तुम्ही अभ्यासच नको म्हणताय. अभ्यास झाले नाहीत म्हणून तर डॉक्टरला आईची चूल दिसली नाही. मला अभ्यास हवाय, पण थांबायला लावलेल्यांची जबाबदारी घेणारा.

पायवाट:
छळछावणी हा शब्द मागे घेतो. पण साठीपुढच्यांना त्या रस्त्यावर पाठवणं मला अजूनही पटलेलं नाही.